गाडीखालचं कुंकू

मुलुंड पूर्वेला राहणारे श्यामसुंदर आठल्ये दर गुरुवारी संध्याकाळी आपली जुनी गाडी बॅटरीसाठी बाहेर काढत. गाडी चालवली नाही की बॅटरी उतरते, हे त्यांनी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्यावर कोणी मान वर करूनही बघत नसे. बॅटरीला खरं तर एकटा ड्रायव्हर पुरतो. पण यांची बॅटरी बायको, म्हणजे उत्तराबाई, शेजारी बसल्याशिवाय चार्ज होत नसे. असं का, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

गोष्ट साधी होती. एका बेडरूममध्ये मुलगा केयूर आणि सून गार्गी. दुसरीत दिवसा गार्गीचं ऑफिस, संध्याकाळी नात स्वरदाचं कथक. आणि नवराबायको हॉलमध्ये, सोफा उघडला की जो पलंग होतो त्याच्यावर. हॉलमध्ये बोललेलं सगळ्या घराला ऐकू जायचं. माणसं सगळी गुणी होती, तक्रारीला जागा नव्हती. पण भांडायलाही जागा नव्हती. म्हणून ऐरोलीच्या पुलावरून पलीकडे जायचं, गाडी वळवायची आणि परत यायचं. काचा वर. तेवढ्या वेळात उत्तराबाई आठवडाभराचं साचलेलं बोलून घेत. थोरला भाऊ गेला तेव्हा श्यामसुंदर याच गाडीत हमसून हमसून रडले होते. घरी आल्यावर सर्दी झाली म्हणून सांगितलं.

केयूरला गाडी म्हणजे नसती कटकट वाटायची. उन्हाळ्यात रेडिएटर बदलावा लागला तेव्हा त्याने बापाकडून कबूल करून घेतलं, यापुढे एक जरी काम निघालं तर गाडी भंगारात. श्यामसुंदर 'हो' म्हणाले. हे गाडीनेही ऐकलं असेल, अशी त्यांची समजूत होती.

गाडीने ऐकलं नव्हतं. दसऱ्याला त्यांनी रीतीप्रमाणे गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर त्याच चाकापाशी लाल थेंब. पॉवर स्टीअरिंगचं तेल लाल असतं, आणि ते वाहून नेणाऱ्या रबरी पाइपाला भेग गेली होती. थेंब पुसायला फडकं आणावं म्हणून ते वर गेले. खाली येईपर्यंत तळमजल्यावरच्या जयंतीताई गाडीशी हजर होत्या.

"भाऊ, हात लावू नका! लिंबू काय, कुंकू काय... अहो, करणी केलीय कोणीतरी तुमच्यावर!"

लिंबू माझंच आहे, एवढं सांगायला काही कष्ट पडले नसते. पण मग लाल काय आहे, ते सांगावं लागलं असतं, आणि जयंतीताईंना सांगितलेलं केयूरपर्यंत पोहोचायला लिफ्टसुद्धा लागत नसे. विमा कंपनीत उभा जन्म खोटे दावे नाकारण्यात घालवलेल्या श्यामसुंदरांनी फडकं खिशात कोंबलं.

"असेल बुवा," ते म्हणाले.

मग काय, थेंब रोज पडू लागले आणि करणी रोज ताजी होऊ लागली. शेजारच्याने आपली स्कूटर पार गेटपाशी नेऊन लावली. जयंतीताईंनी स्वतःच्या खर्चाने आरशाला लिंबू-मिरची बांधली. केयूरला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"लोकांना काय उद्योग नाहीत यार. चला, निदान गाडी तरी बिघडली नाही."

श्यामसुंदरही हसले. डिकीत स्टेपनीच्या मागे त्यांनी तेलाची बाटली दडवली होती, आणि रोज सकाळी फिरायला जातो म्हणून ते गुपचूप तेल ओतून येत. तरी स्टीअरिंग जड होत चाललं आणि वळताना गुरगुरू लागलं.

"हा कसला आवाज?" गुरुवारी पुलावर उत्तराबाईंनी विचारलं.

"रस्ता खराब आहे."

उत्तराबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता नवा कोरा होता. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

पुढच्या गुरुवारी त्या साडी बदलायला उठल्याच नाहीत.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "जयंती म्हणते, त्या गाडीत काहीतरी आहे."

श्यामसुंदर बघतच राहिले. ही बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेली. स्वतःच्या लग्नातसुद्धा तिने पत्रिका बघू दिली नव्हती. पण विचारणार कुठे? आतल्या खोलीत गार्गीची मीटिंग लांबली होती, म्हणून हॉलच्या मधोमध स्वरदाचं ता थै. ते एकटेच निघाले.

शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवणं त्यांना मुळीच जमेना. पुलावर दोनदा ते काहीतरी सांगायला वळले. पलीकडे गाडी फिरवताना खालून फस्स आवाज आला आणि स्टीअरिंग अगदी दगड झालं. दातओठ खात, अंगचं सगळं बळ लावून त्यांनी ते फिरवलं तेव्हा उजव्या खांद्यातून कळ निघाली. परतीचा रस्ता बराचसा सरळ होता म्हणून निभावलं. सोसायटीत मात्र आपल्या जागेत शिरायला गाडी पूर्ण वळवावी लागायची. ती अर्ध्यात अडली आणि वाटेत आडवी उभी राहिली. खाली लाल तेलाचं थारोळं झालं. जयंतीताईंनी खिडकीतून हात जोडले.

उत्तराबाई खाली आल्या, थारोळं ओलांडून शेजारच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी काच वर केली.

"पाइप फुटलाय," श्यामसुंदर म्हणाले. "दसऱ्यापासून गळतोय. करणीबिरणी काही नाही. लिंबू माझंच होतं."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी बोट लावून वास घेतला मी. कुंकवाला तेलाचा वास येत नाही."

"मग आज आली का नाहीस?"

उत्तराबाई त्यांच्याकडे वळून बसल्या.

"अहो, वर मी सगळ्यांशी जपून बोलते. मुलाशी, सुनेशी, एवढ्याशा नातीशीसुद्धा. आता इथे तुम्ही माझ्याशी जपून बोलायला लागलात. मग हॉलमध्ये बसलेलं काय वाईट? तिथे पंखा तरी आहे."

श्यामसुंदरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घाबरलो गं मी," ते म्हणाले. "गाडी गेली तर तू माझ्याशी बोलणार कुठे?"

"मग हे सांगायचं. रस्ता कसला खराब!"

मागे कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं होतं. दोघांनी त्याला खुशाल वाजवू दिला.

जेवताना त्यांनी केयूरला लिंबापासून सगळं सांगितलं. केयूर चिडला.

"बाबा, आपलं ठरलं होतं ना? एका बॅटरीसाठी एवढी नाटकं?"

"बॅटरीसाठी नाही रे," उत्तराबाई म्हणाल्या. "आम्हाला दोघांना बोलायला लागते ती गाडी."

हे त्या हॉलमध्ये म्हणाल्या, सगळ्यांसमोर, आवाज न उतरवता. केयूरने गार्गीकडे पाहिलं. गार्गी आमटीत बघत होती.

"मग बॅटरी?" केयूरने विचारलं.

"बॅटरीला काय धाड भरलीय," श्यामसुंदर म्हणाले. भंगाराचं नाव त्यानंतर निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी नाहूरहून मिथुन मेकॅनिक आला. "साहेब, ह्याचा पाइप आता मिळतच नाय कुठे. विकून टाका ना," असं त्याने आधी सांगून पाहिलं. मग तो जुना पाइप काढून भांडुपला घेऊन गेला आणि त्याच्याच लोखंडी टोकांमध्ये नवीन रबर बसवून घेऊन आला. पाइप चढवला, तेल भरलं.

"आता आतली हवा काढायची. इंजिन चालू ठेवून कोणीतरी स्टेअरिंग फुल लेफ्ट, फुल राइट मारत राहा."

श्यामसुंदरांना उजवा हात उचलवत नव्हता. मग उत्तराबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या बाजूला त्या पहिल्यांदाच बसत होत्या. पदर खोचून त्यांनी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत असं काही फिरवलं की मिथुनला "हळू, मॅडम" म्हणावं लागलं. तेलातले बुडबुडे कमी होत गेले आणि गुरगुर थांबली.

"पाइप फुटला होता, ताई," श्यामसुंदरांनी जयंतीताईंना खिडकीपाशी जाऊन सांगितलं. "बाकी काही नाही. लिंबू मीच ठेवलं होतं."

"ते असू दे. पण पाइप फुटला कशामुळे?" जयंतीताईंनी विचारलं.

रविवारी संध्याकाळी केयूर किल्ल्यांच्या खुंटीपाशी घुटमळताना दिसला. गार्गी चपला घालून दारात उभी होती आणि उगाचच मोबाइलमध्ये बघत होती.

"बाबा, नवीन पाइप आहे, तर गाडी थोडी चालवायला हवी ना? म्हणजे मी आणि गार्गी ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो असतो. बॅटरीसाठी."

श्यामसुंदरांनी बायकोकडे पाहिलं. उत्तराबाईंनी स्वतः उठून किल्ली काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"काचा वर ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि गुरुवार आमचा."