पाहुणा यायचाय

माझे जावई कधीच कुठे वेळेवर पोहोचले नाहीत. स्वतःच्या लग्नालाही नाही. आम्ही सगळे नटूनथटून ताटकळत उभे, आणि नवरदेव घामाघूम होऊन आले ते एका पायात निळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी मोजा घालून. मी तिथेच लेकीच्या कानात म्हटलं, बाई गं, अजून वेळ गेलेली नाही, विचार कर. ती नुसती हसली. तिच्या त्या हसण्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

मी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं, आणि कबूल केलेल्या दिवशी पडदा टांगून मोकळं व्हायचं. माझ्या धंद्यात उशीर झाला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. आणि घरात जावई कसा मिळाला, तर हा असा. पुढे माझं दुकान, मागे आमच्या तीन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत दिवसभर जावयांची गिटार आणि माझ्या लेकीची ती लांब मानेची बेस गिटार. जेवायला हाक मारली की आतून आवाज यायचा, "आलोच, सासूबाई." आलोच म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. ताटं वाढून गार व्हायची. मी त्यांना अहो-जाहो करायची, त्यामुळे ओरडायचीही अहो-जाहोतच. जावईबापू, अन्नाला पाय नसतात, तुम्हालाच चालत यावं लागेल, असं मी रोज सांगायची आणि ते रोज मान डोलवायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. जिना उतरता उतरता बसले, ते उठलेच नाहीत. जन्मभर सगळीकडे उशीर केला आणि नको तिथे तेवढी घाई केली. त्याबद्दल माझा त्यांच्यावर अजून राग आहे आणि तो जायचं नाव घेत नाही.

त्यांचा चौघांचा बँड होता. ड्रम वाजवणारा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, तो एरवी नळ दुरुस्त करतो. कीबोर्डवर एक गणिताच्या बाई. बेसवर माझी लेक आणि गिटारवर जावई. हे लोक गाणं बसवून आल्यासारखं वाजवत नाहीत. एक धून सुरू करायची आणि मग ज्याला जिकडे सुचेल तिकडे निघायचं, बाकीच्यांनी मागोमाग जायचं. आज एका रस्त्याने, उद्या दुसऱ्या. मला ते कधी कळलं नाही. मी लेकीला म्हणायची, तुम्ही वाजवताय की हरवलेली किल्ली शोधताय?

कार्यक्रमाच्या शेवटी मात्र, लेक सांगायची, एक धून ठरलेली असायची. तीही अशीच भटकायची, पण अखेर सगळे मुखड्यावर परत यायचे. आणि तिथेही आमचे जावईबापू उशीर करायचे. सगळे मुखड्याच्या दाराशी पोहोचले, तरी यांचा पत्ता नाही. मग बाकीचे तिघं एक श्वासभर थांबायचे, हे डावी टाच उचलायचे, खाली आपटायचे, आणि मग सगळे मिळून आत. सुरुवातीला ती चूकच होती. पुढे तिघांना थांबायची सवय लागली आणि ती चूक त्या धुनेचाच भाग होऊन बसली.

ते गेल्यावर माझी लेक त्या जागेशी अडली. सराव करायला तिघं बसायची, धून सुरू व्हायची, छान फिरून यायची, आणि ती थांबायची जागा आली की हिची बोटं थांबायची ती थांबायचीच. दुकानात मशीनवर बसून मला सगळं ऐकू यायचं. आवाज येता येता तुटायचा. शेवटी ड्रमवाला म्हणाला की आपण थांबायचंच नाही, मोकळी जागा ठेवायचीच नाही, सरळ वेळेवर मुखड्यात शिरायचं. मला ते पटलं. गेलेल्या माणसासाठी दार किती दिवस उघडं ठेवणार?

त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला, त्या दुपारी निघताना लेक दारात उभी राहिली. बेसची पेटी पाठीवर, चेहरा पांढराफटक.

"आई, आज त्या जागेच्या पलीकडे गेले तर वाजवत राहीन," ती म्हणाली. "नाही गेले तर हे वाद्य घरात नको. आणि मला समजवायला येऊ नकोस."

मी एरवी तिच्या तोंडाला तोंड देते. त्या दिवशी गप्प बसले. इतकी वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या, पण गेल्या काही महिन्यांत घर खायला उठत होतं. जावई गेले ते गेले. आता लेक जिवंतपणी मुकी होऊन बसणार की काय, याचीच मला धास्ती होती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेले.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि खाली लाकडी फळ्यांची जमीन होती. दाराशी पाहते तर बुटांचा आणि चपलांचा हा ढीग. मला वाटलं, पाणी-बिणी सांडलंय. एक मुलगी म्हणाली, काकू, इथे चपला-बूट काढूनच उभं राहतात. मी म्हटलं, तुम्ही राहा, माझे गुडघे परवानगी देत नाहीत. तशीच चपला घालून आत गेले.

आत गेल्यावर पहिलं लक्ष गेलं ते पायांकडे. एका बाईचा एक मोजा लाल आणि एक पांढरा. तिच्या शेजारच्या पोक्त गृहस्थाचा एक पट्ट्यांचा, एक साधा. पुढे बघावं तर तेच, मागे बघावं तर तेच. शेकडो माणसं, आणि एकाच्याही पायात जोडीचे मोजे नव्हते. जावई कार्यक्रमालाही असेच विजोड मोजे घालून जायचे. ज्या मोज्यांवरून मी त्यांना वर्षानुवर्षं टोमणे मारले, ते ही माणसं मुद्दाम घालून आली होती. मला हसू आलं. मी पदराने नाक पुसलं आणि धुळीला नावं ठेवली.

माझ्या शेजारी एक मीटरवाला उभा होता. घरोघरी जाऊन विजेचे आकडे टिपणं हे त्याचं काम, आणि सुट्टी घालवायची ती या बँडमागे. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. बोलका माणूस होता. त्याने सांगितलं की या लोकांनी माझ्या जावयाचं नाव पाहुणा ठेवलं होतं, कारण सगळे येऊन बसले की मग तो यायचा. मी म्हटलं, घरीही तसंच असेल. तो म्हणाला, घरच्यांना काय हो, रोजचीच चैन. मी त्याच्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला, पण त्याच्या लक्षात आला नाही.

मी त्याला सरळ विचारलं की एवढ्या लांबून येता ते नेमकं काय ऐकायला. त्याने जरा विचार केला.

"वाजवणारे पुष्कळ आहेत, काकू. पण त्या जागेला सगळे मिळून त्याची वाट बघतात ना, तेवढं दुसरीकडे कुठे मिळत नाही. आम्ही वाट बघायला येतो."

बघा. ज्या गोष्टीने माझं डोकं फिरायचं, तिच्यासाठी ही माणसं रजा काढून येत होती.

तिघं मंचावर आली. जावयांची जागा मोकळी सोडली होती, तिथे काही ठेवलं नव्हतं, फोटो नाही की फुलं नाहीत. माझ्या लेकीने मान खाली घातली आणि वाजवायला लागली. दोन-तीन धुना झाल्या. लोक डोलत होते, कोणी डोळे मिटून उभं होतं. मला आवाज ऐकू येत होता, पण लेक ऐकू येत नव्हती. ड्रम कळत होते, कीबोर्ड कळत होता, हिची बेस कुठेतरी खाली दबलेली. मी मीटरवाल्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, काकू, चपला काढा, बेस पायांनी ऐकतात.

मग काढल्या. आणि अहो, काय सांगू. ती फळ्यांतून वर येत होती. तळव्यांतून, पोटऱ्यांतून, दुखऱ्या गुडघ्यांतून माझी लेक वर येत होती. घरात हीच बेस भिंतीतून घुमायची तेव्हा मी मशीन जोरात चालवायची. इथे मी श्वास रोखून उभी राहिले. एवढा मोठा आवाज या एवढ्याशा पोरीचा, जिच्या मागे मी दूध पी म्हणून लागायची. मी आजूबाजूला पाहिलं, चपला-बूट काढलेली शेकडो माणसं तिच्यावर उभी होती आणि ती सगळ्यांना पेलत होती.

मग ती शेवटची धून आली. पहिल्याच सुरांना गोदामभर हलकासा उसासा फिरला. धून निघाली, भटकली, लांब लांब गेली. गणिताच्या बाई कुठल्या कुठे पोहोचल्या, ड्रमवाला त्यांच्या मागे, आणि लेक खालून दोघांना धरून. कितीतरी वेळाने धून परत वळली. ते मलाही कळलं. मुखडा जवळ येत होता. लेकीचे खांदे ताठ झाले. मी मनात म्हटलं, बाई, थांबू नकोस, पुढे जा.

ठरल्याप्रमाणे ड्रमवाला न थांबता, बरोबर वेळेवर मुखड्यात शिरला. गणिताच्या बाईही शिरल्या. लेकीनेही पहिला सूर छेडला.

पण गोदाम शिरलं नाही. माझ्या आजूबाजूच्या त्या सगळ्या माणसांनी डाव्या टाचा उचलल्या होत्या आणि सगळी थांबली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची ती सवयच होती. पाहुणा यायचाय, मग पुढे कसं जायचं? एक श्वास गेला, आणि मग शेकडो टाचा एकदम खाली आल्या. जमीन हादरली. पण तोवर मंच पुढे निघून गेला होता. वरचे एका ठिकाणी, खालचे एका ठिकाणी, सगळा विचका झाला. लोक चपापले. मीटरवाल्याने जीभ चावली. आणि माझ्या लेकीची बोटं थांबली.

संपलं, म्हटलं. आता ही वाद्य उतरवणार.

तिने मान वर केली. पहिल्यांदाच तिने समोर पाहिलं, त्या सगळ्या पायांकडे, त्या विजोड मोज्यांकडे. मग ती ड्रमवाल्याकडे वळून काहीतरी बोलली. नंतर मी तिला विचारलं, तेव्हा कळलं की ती एवढंच म्हणाली होती: "चूक त्यांची नाही, आपली आहे. परत घे, आणि थांब."

ड्रमवाल्याने वळण पुन्हा घेतलं. परत ती वाट, परत मुखडा जवळ आला, आणि या वेळी मंचही थांबला. काड्या हवेत, गणिताच्या बाईंचे हात हवेत, लेकीची बोटं तारांवर. कुठेही काही वाजत नव्हतं. एवढ्या माणसांची इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत जावई होते, हे मी शपथेवर सांगते. मोजे शोधत होते, जिना चढत होते, आलोच सासूबाई म्हणत होते. माझीही डावी टाच उचललेली होती, ती कधी उचलली कुणास ठाऊक.

मग टाचा खाली आल्या, आणि त्याच क्षणी फळ्यांतून लेकीचा सूर उसळून वर आला. सगळे मिळून आत शिरले. मंच, गोदाम, मीटरवाला, मी. शेजारचा पोक्त गृहस्थ मोठ्याने रडत होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. मलाही नव्हती. लेक वाजवत होती, गालावरून पाणी वाहत होतं, आणि बोटं काही थांबत नव्हती. ती त्या जागेच्या पार पलीकडे निघून गेली.

बाहेर पडताना मीटरवाल्याला कुठून तरी कळलं होतं मी कोण ते. त्याने माझ्या चपला ढिगातून शोधून आणल्या आणि माझ्या पायाशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटं वाढली आणि लेकीला हाक मारली. आतून आवाज आला, आलेच. आणि लगेच मागच्या खोलीत बेस सुरू झाली. माझ्या ओठांवर अन्नाला पाय नसतात हे वाक्य आलंच होतं. ते मी गिळलं. दोन्ही ताटं झाकली, खुर्ची ओढून बसले आणि पायातल्या चपला काढल्या.

जेवण गार झालं. होऊ दे.