मशीननं न वाचलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं पंचकार्ड आहे. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. पोस्टकार्डापेक्षा थोडं लांब, जाड कागदाचं, वरचा एक कोपरा कापलेला आणि अंगावर बारीक चौकोनी भोकं. माझ्या काळात कॉम्प्युटरला काही सांगायचं तर असंच कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे. एका कार्डावर एक ओळ, आणि शंभर-दोनशे कार्डांचा गठ्ठा झाला की एक प्रोग्राम. मीही अशाच एका गठ्ठ्यात होतो. पण माझ्या पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर होतं, आणि ते दिसलं की मशीन ते कार्ड सोडून पुढे जाई. माझी ओळ फक्त माणसांसाठी होती. सोबतची कार्डं यावरून मला फार चिडवत आणि मला ते लागतही असे.

माझा जन्म १९७४ सालचा, नागपुरातल्या एका कॉम्प्युटर केंद्रातला. प्रोग्राम मधुसूदनरावांनी लिहिला आणि कार्डं पाडली गोपिकानं. गोपिका कन्हानची, रोज एसटीनं ये-जा करणारी. तिचे वडील देवराव तिकडच्या खाणीत ड्रिल चालवत. प्रोग्रामही त्याच खाणीचा होता. प्रत्येक कामगाराच्या वाट्याला महिन्याला किती धूळ आली त्याची वर्षाची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाईल त्याचं नाव छापायचं. त्या यादीतल्या माणसांचा रामदासपेठेतल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे निघे. तोही वर्षातून एकदाच.

माझी ओळ पाडताना गोपिकाला हसू आलं. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली: 'काहून? मशीन पाटी कोरी देते. बदलली तर आधी शून्य मांडा.'

"मशीन वाचणारच नाही, तर कार्ड काहून वाया घालवून राहिले सर?" तिनं विचारलं.

"कसं करायचं ते मशीनले सांगतो वं," मधुसूदनराव म्हणाले. "काहून केलं, ते मागून येणाऱ्याले सांगा लागते."

तीन वर्षांनी मधुसूदनराव वारले. त्यांच्याकडूनच प्रोग्राम लिहायला शिकलेली गोपिका त्यांच्या खुर्चीवर बसली. मग नवे मोठे साहेब आले. कार्ड वाचणारं यंत्र आधीच रडतखडत चालतं, त्यात ही 'सी'ची बिनकामाची कार्डं कशाला, असं म्हणून त्यांनी आम्हाला सगळ्या गठ्ठ्यांतून काढायला लावलं. गोपिकाला आम्हाला फेकवेना. तिनं आम्हाला रबर लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. दोन वर्षं आम्ही त्या डब्यात पडून होतो. कुणी झाकणही उघडलं नाही.

१९७९ साली मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था, बदलली. नवी आवृत्ती टेपवरून चढवली आणि दुसऱ्या दिवशी एकही प्रोग्राम चालेना. आमची भाषा मशीनला समजावणाऱ्या कंपायलरचं नाव बदललेलं, तयार गणितांची लायब्ररी भलत्याच टेपवर गेलेली. गोपिकानं चार दिवस खपून एकेका गठ्ठ्याची सुरुवातीची कार्डं नव्यानं पाडली. गुरुवारी खाणीचा प्रोग्राम चालला, यादी छापून आली आणि साहेबांच्या जिवात जीव आला.

गोपिकानं मात्र यादी तीनदा वाचली. "साहेब, माह्या बाबाचं नाव यात काहून नाही?"

"अवं, चांगलंच आहे न! मशीन चुकत नसते. त्यायले काही झालं नसंन."

"साहेब, त्यायचा खोकला मशीननं नाही ऐकला. मी रोज ऐकून राहिली."

यादी शनिवारी दवाखान्यात जायची होती. नाव हुकलं तर देवराव आणखी एक वर्ष धूळ खात राहिले असते. गोपिकानं त्यांच्या बारा महिन्यांचे आकडे कागदावर मांडले. बेरीज बरीच वर गेलेली होती. साहेबांनी ती स्वतः करून पाहिली, तीच आली. पण चूक सापडेना. प्रोग्राम तर गेल्या वर्षीचाच होता!

जेवणाच्या सुट्टीत तिनं पोळीचा डबा बाजूला सारला आणि आमचा डबा उघडला. एकेक कार्ड वाचत ती माझ्यापाशी आली. माझ्या माथ्यावर, भोकांच्या वर, बारीक अक्षरांत छापलेली ओळ तिनं बोट ठेवून वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. मित्रांनो, जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी कामी आलो होतो.

पाटी म्हणजे मशीनमधली आकडे मांडायची जागा. जुनी व्यवस्था प्रत्येक प्रोग्रामला ती कोरी करून देई. नवी मात्र आधीच्या प्रोग्रामची आकडेमोड तशीच ठेवून पाटी पुढे करी. देवरावांच्या जागेवर त्यातलाच एक उणे आकडा पडून होता आणि त्यात त्यांची वर्षाची धूळ बुडाली होती. गोपिकानं आधी शून्य मांडणारी तीन कार्डं घातली. पुन्हा छापलेल्या यादीत देवरावांचं नाव सातवं आलं.

आता माझी ओळ जुनी झाली होती. गोपिकानं माझ्या जागी नवं 'काहून' पाडून घातलं, साहेबांना विचारूनच, आणि मला पर्समध्ये ठेवलं. दवाखान्याच्या बाकावर तिनं मला वडिलांच्या हातात दिलं. आत डॉक्टर एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून पाहत होते. ते बघून देवरावांनीही मला खिडकीकडे धरलं.

"मलेबी असेच भोकं पडले काय वं माय?"

गोपिका हसायला गेली आणि रडली. डॉक्टर म्हणाले, डाग आहेत, पण वेळेवर आलात. उद्यापासून धुळीत पाय ठेवायचा नाही.

त्याला दहा वर्षं झाली. देवरावांना खाणीच्या फाटकावरचं काम मिळालं. त्या एक्स-रेच्या पाकिटात मी असतो, आणि पाकीट त्यांच्या ट्रंकेत. खोकला पुरता गेला नाही, पण ते आहेत.

मित्रांनो, तुम्हीही काही घडवाल, काही दुरुस्त कराल. तेव्हा ते तसं का केलं, याची एक ओळ मागे ठेवा. आणि कुणाची तशी ओळ तुमच्या हाती आली, तर फेकण्याआधी एकदा नीट वाचा. लिहिणारा बहुधा विचारायला उरलेला नसतो.