काळी पाटी आणि जमनीचा हात

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर पौषातल्या सकाळी दोनशे माणसं जमली होती, पण कुणी खोकतही नव्हतं. सगळ्यांचे डोळे मेलेल्यांना बोलावणाऱ्या छायामहाराजांच्या पेटीवर बसवलेल्या काळ्या पाटीवर खिळले होते. त्या काळोखातून एक पंजा वर आला. आधी तांबूस, मग हिरवा, मग निळा. चार वर्षांच्या लेकराच्या हाताएवढा.

रुपीबाई पुढं सरकली. तिची नात ममता तापानं जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून चूल फुंकताना पाठीवर छोटा हात टेकल्यासारखा वाटे. वळून पाहावं तर कुणी नसे. तोच हात आता समोर होता.

"आत्म्याला सप्तरंग, पाप्याला अंधार," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पोर सांगते, मला घरातल्याच बाईनं खाल्लं."

त्यांच्या सांगण्यावरून घरातल्या एकेका बाईनं पाटीवर तळवा ठेवला. शेकोटीजवळून आलेल्या त्या हातांखाली रंग फुलत गेले. शेवटी ममताची आई जमनी, रुपीबाईची सून. महाराजांनी 'शुद्धीसाठी' तिचे हात घागरीतल्या गार पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवले. तिचा हात पाटीवर टेकला. पाटी काळीच राहिली.

"डाकीण," गर्दीतून कुजबुज आली.

"याडी, ती माह्या पोटची होती," जमनी सासूला म्हणाली. रुपीबाईनं मान खाली घातली. आदल्या संध्याकाळी महाराजांजवळ सुनेचं नाव तिनंच घेतलं होतं.

उपकेंद्रातली नर्स गझाला लसी द्यायला आली होती. ती गर्दीतून पुढं झाली. घागरीत स्वतःचा हात बुडवून तिनं तो पाटीवर ठेवला. पाटी काळीच.

"मंग मी बी डाकीण हाओ काय?" तिनं विचारलं. जमनीच्या दोन्ही हातांत कोमट चहाचा गिलास देऊन हात उबेपर्यंत ती थांबली. मग जमनीचा तोच हात तिनं पाटीवर टेकवला. तांबडा, हिरवा, निळा. शेवटी शेकोटीवरच्या उकळत्या चहाचा पेला तिनं पाटीवर ठेवून उचलला. मधोमध काळं वर्तुळ, कडेला रंगांची कडी.

"चहा बी पापी निंगाला, महाराज."

महाराज मंत्र पुटपुटू लागले. गझाला लोकांकडं वळली.

"लेकराच्या कपाळावर ताप पाह्याची पट्टी लावतात ना, तिच्यात हेच असते. द्रवस्फटिक म्हनतात याले. पान्यासारखं वाह्यते, पन आतले कण गोल जिन्याच्या पायऱ्यायसारखे रचलेले. ऊब लागली की जिन्याचा पीळ घट्ट होते, म्हनून रंग बदलते. लय तापलं की रचनाच मोडते, रंग जाते. निवलं की पुन्हा जुळते. यात पाप-पुन्य कुठून येईन?"

"आन माह्या ममताचा हात?" रुपीबाईनं विचारलं.

गझालानं पाटी उचलली. पेटीत गरम पाण्याची पिशवी होती, वर तांब्याच्या पत्र्याचा छोटा पंजा. बाजूची कळ दाबली की तो पाटीला खालून चिकटे.

रुपीबाईनं त्या पंज्यावर बोट ठेवलं. तो अजून उबदार होता. तिला वाटलं, नात आज दुसऱ्यांदा गेली.  मग ती उठली.

"पोर तापानं गेली," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "गझाला म्हने दवाखान्यात न्या. जमनी माह्या पाया पडली. मीच तीन दिवस अंगारा लावत बसली. तिच्या मरनामागं मले कोनाचा तरी हात पाह्यजे होता, माहा सोडून."

गझालानं बोलावलेल्या पोलिसांनी महाराजांना पेटीसकट नेलं. जमनी पुढं कित्येक दिवस सासूशी बोलली नाही. रुपीबाईनं तिला बोलायला लावलंही नाही.

फाल्गुनात शेजारच्या देवीलालची पोरगी तापानं फणफणली. घरातले बाहेरचं बघणाऱ्या बाबाकडं निघाले तेव्हा रुपीबाई दारात आडवी उभी राहिली.

"काळ्या पाटीवर म्या बी हात पाह्यला होता," ती म्हणाली. "दिसलं ते खरं होतं. काहून दिसलं, हे इचारलं नाही, तिथं चुकली. आधी दवाखाना. चला, मी येतो संग."

ती ऑटोत चढली. मागून जमनी आली आणि पोरीला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली.