झाकणभर लाल तेल

गाडी गळली तर फायदा मामाचा होता. एकट्याचा, आणि तोही बसल्या जागी. त्याच्या घराला मोटारीसाठी बांधलेल्या दोन खोल्यांपैकी एक रिकामी होती, हाताशी सवड होती, आणि बहिणीच्या नवऱ्याची ती जुनी, लांबलचक, सायीच्या रंगाची मोटार आपल्या दारात कशी शोभेल याचं चित्र त्याने मनात कधीच टांगून ठेवलं होतं. इतकंच कशाला, त्याने गाडीच्या मापाचं, आतून मऊ अस्तर लावलेलं कव्हरही शिवून घेतलं होतं. मापं मागच्या भेटीत घेतली, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून उठला होता तेव्हा.

मामाला ही आशा लावली ती त्याच्या भाचीने. गेल्या वर्षी तिची आई गाडीच्या खोलीत झाडू शोधायला गेली, जमिनीवरच्या तेलावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. लेकीने आईचा प्लास्टरमधला हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

“बाबा, पुन्हा एक ठिपका दिसला की गाडी मामाकडे. तुमची हौस आईच्या हाडांवर नको.”

बाबांनी, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या काकांनी, मान डोलावली. समोर प्लास्टर असताना नवऱ्याने दुसरं काय हलवायचं असतं?

मिस्त्री आला. स्टिअरिंगच्या पंपाचा रबरी पाइप चिरला होता, तो त्याने बदलला. या गाडीची खोड अशी की गिअरबॉक्सला आणि स्टिअरिंगला एकच लाल तेल लागतं, त्यामुळे खाली पडलेला थेंब आपण कुठून आलो ते सांगत नाही. गिअरबॉक्सचं दुखणं मोठं. स्टिअरिंगचं छोटं, पण काकांच्या बाबतीत तेही मोठंच, कारण तेल उतरलं की चाक फिरवायला पैलवान लागतो आणि काकांचा उजवा खांदा केस विंचरतानाही कुरकुर करायचा. थोडक्यात, तेल गेलं की रविवार गेला.

रविवारी दोघं फिरायला जात. नदीच्या पुलापर्यंत, आणि परत. घरात काकांचा शब्दसाठा ‘हं’, ‘बरं’ आणि ‘चष्मा कुठाय’ एवढ्यावर आठवडा काढायचा. पण गाडीचं चाक हातात आलं की त्यांचं तोंड सुटायचं. नकाशे काढण्याच्या कचेरीतला तो लबाड साहेब, लहानपणी पळून गेलेली शेळी, काहीही. काकू घरी आठवडाभर एकट्या बोलत आणि रविवारी ऐकत. त्यांचं सगळं येणं त्या एका दिवशी वसूल व्हायचं.

काकांचं येणं वेगळं होतं. घरात काकू बसल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. बसल्या तरी हातात काहीतरी पुसायचं, निवडायचं, घडी घालायचं असे. गाडीत पुसण्यासारखं काही नव्हतं, काका ते आधीच पुसून ठेवत. मग काकूंचे हात मांडीवर यायचे, आणि दुसऱ्या वळणानंतर त्या गुणगुणू लागायच्या. आपल्याला ऐकू येतं हे काकांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या थांबल्या असत्या.

पाइप बदलल्यावर मिस्त्री काकांना बाजूला घेऊन म्हणाला, “ठिपका दिसला तर झाकणभर तेल घाला. काकूंना कशाला घाबरवायचं?” आणि जाता जाता काकूंनाही म्हणाला, “काकांच्या लक्षात राहणार नाही. ठिपका दिसला तर तुम्हीच झाकणभर घाला.” दोघांना त्याने एकेक बाटली दिली. माणूस मनाने चांगला होता. असली माणसं घोळ अगदी मनापासून घालतात.

आठवड्याभरात एक ठिपका दिसला. पाइप बदलताना सांडलेलं तेल कुठल्यातरी खाचेतून उतरलं असेल. काकांनी तो पुसला, झाकणभर तेल घातलं आणि बाटली रंगाच्या डब्यांमागे लपवली. दोन दिवसांनी तसाच एक काकूंना दिसला. त्यांनीही तेच केलं. त्यांची बाटली शिवणयंत्राच्या खणात होती.

मग रोजचंच झालं. काका दुपारी ‘जरा पडतो’ म्हणून उठायचे, काकू सकाळी ‘झाडांना पाणी घालते’ म्हणून निघायच्या. झाडं वाळत चालली आणि काका दुपारचे झोपेनासे झाले, पण एकमेकांना विचारायची सोय नव्हती. गाडी मात्र गळतच राहिली. जेवढी माया, तेवढा ठिपका मोठा.

मग एका रविवारी ठिपका मामालाच सापडला. तो भाचीबरोबर आला होता. काका-काकू नुकतेच फिरून आलेले, इंजिन अजून गरम. मामाने बोट टेकवलं, वास घेतला.

“गिअरबॉक्स,” तो डॉक्टरसारखा म्हणाला. “आता काही खरं नाही. भावजी, मी नेतो, तुमच्या डोक्याचा ताप जाईल. कव्हर आणलंच आहे.”

“आणलंच आहे?” काकू म्हणाल्या.

“माझ्या गाडीत पडलेलं होतं.”

काका गाडीजवळ गेले. टपावर हात ठेवून उभे राहिले. लेकीला तो हात बघवेना, पण आईचं मनगटही तिच्या डोळ्यांपुढून जाईना. तिने मिस्त्रीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा बॉनेटवर ठेवला.

“ताई, स्टिअरिंगच्या टाकीचं झाकण उघडा. खाली काडी असेल. तेल कुठवर आहे?”

लेकीने काडी पुसली, बुडवली, पुन्हा काढली. “दोन खुणा आहेत. तेल वरच्या खुणेच्याही वर आहे. काठोकाठच आहे की.”

“गळतंय म्हणता, मग वर कसं? वरून कोण भरतंय का? गरम झालं की तेल फुगतं, झाकणातून बाहेर येतं. गिअरबॉक्स वगैरे काही नाही.” त्यालाच काहीतरी आठवलं. “काकांना मी म्हणालो होतो, ठिपका दिसला तर झाकणभर घाला.” मग आवाज पडला. “काकूंनाही म्हणालो होतो.”

खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

“अगं, तू?” काका म्हणाले.

“आणि तुम्ही दुपारी पडत होतात, नाही का?”

“झाडांना पाणी घालत होतीस ना?”

“चूक माझी आहे ताई, येतोच मी,” असं म्हणून फोन बंद झाला.

लेक हसू दाबत म्हणाली, “आई, तुला तर गाडी चालवताही येत नाही. तू कशाला?”

काकूंनी पदराने कोरडाच हात पुसला. “हे गाडीत बोलतात.”

“आणि बाबा?”

काका टाकीचं झाकण लावून फिरवत राहिले. ते कधीच घट्ट लागलं होतं.

“ही गुणगुणते,” ते म्हणाले.

काकूंचा चेहरा त्या तेलाच्या रंगाचा झाला. मामा ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणून बाहेर गेला, आणि या खेपेला खरंच पाय मोकळे करून आला.

शेवटी हिशेब असा लागला. मिस्त्रीने सुईशिवायच्या सिरिंजने जास्तीचं तेल ओढून काढलं आणि चहावर समाधान मानलं. लेकीने निकाल मागे घेतला, पण गाडीखाली पसरट पत्र्याचा ट्रे सरकवून त्यात पांढरा कागद घातला. तो पुढचे आठवडे कोरा राहिला. काकूंना मोजावी लागली ती लाज. पुढच्या रविवारी दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं, तरी त्या गप्प. तेव्हा काकांनी पदरचा मान खर्ची घातला आणि स्वतःच सूर लावला, तोही इतका बेसूर की काकूंना तो दुरुस्त करणं भाग पडलं. पुलापर्यंत त्या करत होत्या.

कव्हराचा खर्च तेवढा मामाच्या अंगावर पडला. महिन्याभराने तो स्वतः येऊन ते काकांच्या गाडीला घालून गेला. “माझ्या गाडीला मोठं होतं,” म्हणाला. शिंप्याचे पैसे त्याने कोणाकडे मागितले नाहीत.