मास्कवरचा पोपट

मित्रांनो, वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना कोणीतरी तुमच्या डोळ्यांवर हात ठेवून तुम्हाला पुढे ढकललं असेल. "बघायचं नाही तिकडे!" असं दटावलंही असेल. त्या निळ्या उजेडाकडे दिवसभर बघणं हेच ज्याचं काम, त्याच्या तोंडावर मी असतो. मी वेल्डरचा मास्क. आता माझा पट्टा सैल झाला आहे, हनुवटीपाशी कड जळली आहे आणि कपाळावरच्या हिरव्या पोपटाची चोच उडाली आहे.

कारखान्यातल्या साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ होते. सगळे काळे, सगळ्यांना समोर एक चौकोनी खिडकी आणि खिडकीत गडद काच. खरं काम त्या काचेचं. बाकीचा मी म्हणजे नुसतं टरफल.

मला दोघा भावांतल्या थोरल्याने विकत घेतलं. तो परदेशी निघणार होता. त्याच्या लेकीने घराच्या खिडक्या रंगवून उरलेल्या रंगाने माझ्यावर पोपट काढला.

"बाबा, तिकडे सगळ्यांचे मास्क काळेच असणार. मग तुमचा कोणता ते कसं कळणार?"

"आणि माझ्याऐवजी पोपटच बोलायला लागला तर?" थोरला म्हणाला, तशी ती खुदकन हसली.

परदेशातल्या जहाज-कारखान्यासाठी माणसं निवडणारा एजंट एका मोठ्या शेडमध्ये परीक्षा घेत होता. दोन पट्ट्या जोडायच्या, मग जोड यंत्रात घालून वाकवायचा. तडकला की घरी जा. थोरल्याची पट्टी नालासारखी वाकली, पण जोड हलला नाही. त्याच्या धाकट्या भावाची काडकन तुटली.

"तुम्ही या. याला राहू दे," एजंट म्हणाला.

"येऊ तर दोघं येऊ, साहेब. नाहीतर कोणीच नाही."

"अहो, पण हा तिथे करणार काय?"

"माझ्यामागे केबल ओढेल. हळूहळू शिकेल."

"दादा, तिथे शिकवायला कोणाला वेळ नसतो," एजंट हसून म्हणाला. पण थोरल्यासारखा हात त्याला सोडवेना. धाकट्याला त्याने हेल्पर म्हणून घेतलं.

तिकडे जहाजाच्या पोटात काम असे. लोखंडी पेटीसारख्या खोल्या, आत धूर आणि उकाडा. फोरमनला आमच्या माणसांची नावं उच्चारता येत नसत आणि शिकायची त्याला इच्छाही नव्हती. मास्कवर जी खूण असेल, तिच्याच नावाने तो हाक मारी. त्याच्या भाषेत पोपटाला जे म्हणतात, ते थोरल्याचं नाव झालं. धाकट्याच्या डोक्यावर मास्क नव्हता. त्याला तो नुसतं "ए" म्हणे.

जेवणाच्या सुट्टीत थोरला भंगाराच्या तुकड्यांवर धाकट्याला शिकवी. तेवढा वेळ मी धाकट्याच्या तोंडावर चढे. "हात सैल सोड रे, कुणाचा गळा धरलाय का?" थोरला ओरडे. धाकटा शिकला. चांगला शिकला.

मग एकदा मी परांचीवरून, उंचावर उभं राहायच्या फळ्यांवरून, खाली पडलो. माझ्या काचेला आरपार तडा गेला. नवीन काच स्टोअरमधून आणायची, ते हेल्परचं काम. धाकटा गेला आणि परत आला.

"स्टोअरकीपर म्हणतो, तडा म्हणजे फुटणं नव्हे. तुकडे झाले की या."

"पुन्हा विचार. हात जोड पाहिजे तर."

धाकटा पुन्हा गेला. खरंच गेला. पण तोच जबाब आला. तडा रोज थोडा रुंदावत गेला आणि त्यातून उजेड आत शिरू लागला. संध्याकाळी थोरला खाटेवर ओला फडका डोळ्यांवर घेऊन पडे. "डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय रे," म्हणे. सकाळी त्याच्या पापण्या चिकटलेल्या असत. अशा दिवशी धाकटा मला डोक्यावर चढवी आणि त्याच्या जागी काम करी. तो मात्र डोकं तिरकं धरून, तडा चुकवून बघायला शिकला होता. एकदा फोरमनने जोड पाहिला आणि माझ्या टाळूवर थाप मारली. "शाबास, पोपट!"

त्या दिवशी धाकट्याने मला उशिरा काढलं.

पुढे स्टोअरमध्ये नवी खोकी आली. स्टोअरकीपरने सगळ्या हेल्परांना एकेक काच वाटली. धाकटा खोलीवर आला, ती काच त्याने डोक्याच्या तेलाने माखलेल्या रुमालात गुंडाळली आणि ट्रंकेत शर्टांच्या खाली ठेवली. ट्रंकेवरच्या खिळ्याला मी टांगलेला होतो.

"दिली का रे?" थोरल्याने फडक्याखालून विचारलं.

"नाही म्हणाला."

मित्रांनो, मला तोंड असतं तर! पण मी तोंडावर चढणारी वस्तू. मला स्वतःचं तोंड नाही.

फडक्याचे दिवस वाढत गेले. मग कंपनीने सगळ्यांची पुन्हा परीक्षा घेतली. थोरल्याला दोन पट्ट्यांमधली फट दिसेना. त्याचा जोड फटीच्या शेजारून गेला, सरळ, सुरेख आणि निरुपयोगी. नंतर धाकटा पुढे झाला. त्याने कोपऱ्यात जाऊन माझी काच बदलली होती. त्याची पट्टी वाकली, तुटली नाही. फोरमनने थोरल्याकडे बोट दाखवलं आणि तेच बोट दाराकडे वळवलं. धाकट्याच्या डोक्यावर मी होतो, म्हणून पोपट कामावर राहिला.

निघताना थोरल्याने मला मागितलं. "लेकीचा पोपट आहे. घरी नेतो."

"दादा, मग मी कशाने काम करू? कंपनीचा मास्क मिळेपर्यंत..."

थोरल्याने मला हातात घेतलं. त्याला आता बोटांनीच बघावं लागत होतं. त्याचा अंगठा पोपटावरून फिरला, मग काचेवर आला. तडा शोधत राहिला.

"नवीन?"

"आज सकाळीच दिली."

थोरल्याने मला नाकाजवळ नेलं. काचेला अजून तेलाचा वास होता. तेच तेल, जे लहानपणी तो धाकट्याच्या डोक्याला चोळत असे. मग मला त्याने भावाच्या हातात परत दिलं.

"कड घट्ट बसव," तो म्हणाला. "नाहीतर बाजूने उजेड शिरतो."

सकाळी फोरमनने हाक मारली, "पोपट!" धाकटा गेला. आतला माणूस बदलला का, हे कोणीही विचारलं नाही.

धाकट्याचे डोळे अजून चांगले आहेत. रविवारी घरून फोन येतो. "काका, माझा पोपट कसा आहे?" ती पोर विचारते. "मजेत," तो म्हणतो आणि मला भिंतीकडे तोंड करून टांगतो.

मित्रांनो, मला पुसा, पट्टा शिवा, चोच रंगवा असं मी मागत नाही. माझ्यासारखे ढिगाने मिळतात. काच तडकली की त्याच दिवशी बदला, एवढंच करा. आणि मास्क ओळखीचा दिसला, तरी एकदा तो वर उचलून आत कोण आहे ते बघा.