सुई कापडातच राहू द्या

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि आज माझे चाक काही केल्या स्वस्थ बसत नाही! कालची गोष्ट सांगायची आहे. मध्येच धागा तुटला तर दम धरा. मी ओवून घेईन.

माझे पाय ओतीव लोखंडाचे. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, पण जिथे दादीचे मनगट टेकते तिथे आता नुसते लोखंड चकाकते. दादी म्हणजे माझी मालकीण. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर आमचीच शिवण आहे.

तिची रीत ऐका. सुई खाली, सुभानअल्लाह. सुई वर, अलहमदुलिल्लाह. पाय पायडलवर, हात कापडावर आणि ओठांवर अल्लाहचे नाव. एकदा शेजारणीने टोमणा मारला, "काय गं, पाय हलवत अल्लाहचं नाव घेतेस?"

दादीने मानसुद्धा वर केली नाही. "पाय तरी कोणी दिले गं?"

शेजारीण उठून निघाली. जाताना मात्र "माझा कुर्ता तेवढा लवकर दे" हे सांगायला विसरली नाही!

याच तालावर दादीला कविता सुचत. आणि अजान झाली की ती सुई कापडात खाली ठेवूनच उठे. "जागा धरून ठेव हं," असे मला सांगे. वुझू करून, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुऊन, नमाज पढून परत आली की अगदी त्याच टाक्यापासून पुढे सुरू. रोज, न चुकता. एवढे मानाचे काम तुमच्या घरातल्या कुठल्या मशीनला मिळते, सांगा बरे? मी तर

खट्!

तुटला. थांबा.

ओवला. कुठे होते मी? हां, मोटरवर यायचे होते.

दादीचे गुडघे दुखू लागले, म्हणून तिच्या मुलाने मोठ्या हौसेने मला विजेची मोटर बसवली. पायडलचा चामडी पट्टा काढून खिळ्याला टांगला. "अम्मी, आता नुसतं बटण दाबायचं!" मी घुर्रकन धावले. खरे सांगते, मला आधी मजाच वाटली. पण दादीच्या ओठांवरचे नाव पुरे होण्याआधी बाही शिवून संपायची! ताल गेला आणि कविताही थांबली. मुलाने इतक्या प्रेमाने आणलेली मोटर, त्याला सांगणार कसे? दादी बटणच दाबत राहिली.

आणि नेमके याच दिवसांत नातीचे कुराणाचे पहिले वाचन पूर्ण होत आले होते. दादीने तिला शब्द दिला होता, "तू शेवटचं पान वाचशील, त्या दिवशी मी नवी हम्द म्हणेन." हम्द म्हणजे अल्लाहच्या स्तुतीची कविता. सगळी रचून झाली होती. फक्त शेवटची ओळ मोटर बसल्यापासून अडकली होती.

तो दिवस काल उजाडला! खोली बायकांनी भरून गेली. नातीने शेवटची आयत वाचली, सगळ्यांनी दुआ मागितली. मग ती वळली. "दादी, आता तुझी पाळी!"

दादीने खुर्चीत बसूनच सुरुवात केली.

कापड तुझे, कात्री तुझी, हातही तुझेच, दाता,
नाव तुझे घेत घेत ही शिवण निघाली आता.
वाकडी झाली टीप कुठे तर उसवून टाकू नको,

पुढे काहीच नाही.

"दादी, पुढे?" नातीचा आवाज रडवेला झाला. लोखंडाला घाम फुटत नाही म्हणून बरे!

तेवढ्यात सुनेला दिसले. दादीचे पाय सतरंजीवर चालत होते. टाच, चवडा. टाच, चवडा. सून ताडकन उठली आणि दारातल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, खिळ्यावरचा तो पट्टा द्या."

"अगं, मोटर आहे की!"

"मोटरला कविता येत नाही."

काय हशा पिकला! मुलाने पट्टा चढवला. "अम्मी, इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणलीस. कसं बोलू?"

"आणि गुडघे?"

"एका ओळीपुरते चालतील रे."

ती माझ्यासमोर बसली. माझ्या सुईखाली एक चिंधी सरकवली आणि पायडल दाबले. कुर्रर्र! तेलाविना माझे सांधे आखडलेले. सुभान... खट्! धागा तुटला.

"घ्या! मशीनच विसरली," शेजारीण पुटपुटली.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दादी मात्र धागा ओवू लागली. धागा नेढ्याला चुकत होता. पुन्हा. परत चुकला. पुन्हा! शेवटी गेला. चाक फिरले, सुई खाली गेली, वर आली, खाली गेली, आणि

पुन्हा पुन्हा मी येईन दारी, दार तू लावू नको!

नात उडी मारून दादीच्या गळ्यात पडली. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "माझा कुर्ताही उसवलाय गं. आणू का?"

आज सकाळी मुलाने माझ्या सांध्यासांध्यांत तेल सोडले. घरात ठरले आहे, पडदे आणि चादरी मोटरवर, कविता पायांवर.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला थेंबभर तेल द्या, रोज हात लावा. आणि काम सोडून उठाल तेव्हा सुई वर काढू नका, कापडातच राहू द्या. आत्ताच अजान झाली. दादी वुझू करायला गेली आहे. मी तिची जागा धरून बसले आहे.