डाव्या हाताला अडणारा प्रिंटर

प्रिंटरभोवती अख्खं वकिली ऑफिस जमलं होतं. यंत्रमहाराजांनी झोळीतून स्वतःचा कागदाचा गठ्ठा काढला, वेष्टन फाडलं, डोळे मिटून पुटपुटत पानं फडफडवली, फुंकर मारली आणि ट्रेमध्ये सरकवली. यंत्र गुरगुरलं. एक, दोन, दहा, वीस पानं. एकही अडकलं नाही.

"यंत्रालाही स्पर्श कळतो," महाराज म्हणाले. "इथला कोणाचा तरी डावा हात त्याला सोसत नाही."

सगळ्यांनी टायपिस्टताईकडे पाहिलं. ऑफिसात डावखुरी ती एकटीच.

मी इथला जुना कारकून. आठ दिवस काय चाललं होतं ते सांगतो. ताई दावा टाईप करणार, छपाईला देणार आणि दुसऱ्याच पानाला

कागद अडकला.

झाकण उघडा, चिंधी ओढा, झाकण लावा, पुन्हा छापा, आणि

कागद अडकला.

डोकं फिरायची वेळ. म्हणून वकीलसाहेबांनी महाराज आणले. आता साहेब ताईला म्हणत होते, "मनाला लावून घेऊ नका. पण सोमवारपासून येऊ नका."

ताई म्हणाली, "महाराज, तोच मंत्र आमच्या कपाटातल्या कागदावर म्हणा."

"मंत्र असा वाटेल त्या कागदावर चालत नाही, बाई."

"यंत्र तेच, तुम्ही तेच," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या. "म्हणा की. तोंड काही झिजत नाही."

महाराजांनी मंत्र म्हटला, फुंकर मारली.

कागद अडकला.

"हिची सावली पडली."

ताई दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पुन्हा मंत्र, पुन्हा फुंकर.

कागद अडकला.

ताई आत आली. महाराजांचा उरलेला कागद तिने डाव्या हाताने ट्रेमध्ये ठेवला. मंत्र नाही, फुंकर नाही. चाळीस पानं सरळ बाहेर आली.

मग तिने कपाट उघडलं. पानांच्या कडा लाटांसारख्या वाकलेल्या. मागच्या भिंतीला बोट लावलं तर ओल. भिंतीपलीकडे बेसिन.

"गठ्ठ्यांची वेष्टनं कुठेत, मावशी?"

"खणांत अंथरलीत. साहेबच म्हणाले, चांगला जाड कागद आहे, वाया घालवू नका. म्हणून गठ्ठा आला की लगेच सोलते."

वेष्टन दमट हवा आत शिरू देत नाही. उघडा कागद ओल पितो, प्रिंटरच्या आतल्या उष्णतेने वाकतो आणि अडकतो. महाराजांचा गठ्ठा बंद होता, कोरडा होता. फडफडवलं की चिकटलेली पानं सुटतात. मंत्र तेवढाच.

महाराज झोळी आवरून कधी निघाले, कळलंच नाही.

"बरं, सोमवारी या," साहेब पुटपुटले.

"मला काढलंत सगळ्यांसमोर, साहेब. हेही सगळ्यांसमोर सांगा. मोठ्याने."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताईंचा दोष नव्हता," ते मोठ्याने म्हणाले. "वेष्टनं काढायला मीच सांगितलं होतं."

यंत्र अडलं तर कागद हातात घेऊन बघा, कपाट उघडा, भिंत चाचपा. पाच मिनिटांचं काम. आम्ही आठ दिवस घालवले आणि एका बाईची नोकरी घालवायला निघालो, कारण भिंतीपेक्षा माणसावर बोट ठेवणं आम्हाला सोपं वाटलं.